तळ्यातला दुसरा द्रोण

पाली गावात कोंडिबाला सगळे वाटाड्या म्हणत, आणि त्याची थोरली बहीण सगुणाबाई त्याला तोंडावर रेंगाळ्या म्हणायची. दोन्ही खरं होतं. राजगडाची वाट त्याच्या घरामागूनच चढायला लागायची, त्यामुळे गडावर जायला आलेला माणूस आधी त्याच्या अंगणात उभा राहायचा. कधी भोर संस्थानातला एखादा कारकून, कधी जुना तट बघायला आलेला पुण्याचा हौशी. पण बरेचसे लोक यायचे ते पद्मावतीच्या तळ्यासाठी. एवढ्या उंचावर, माचीच्या खडकात, ऐन वैशाखातही न आटणारं ते पाणी. खोऱ्यातल्या लोकांना त्याचा देवीइतकाच धाक होता.

तळ्यात द्रोण सोडायची रीत होती. मूल होत नसलेल्या बाईनं पळसाच्या पानाचा द्रोण टाचायचा, त्यात हळदकुंकू, तांदूळ नि सुपारी ठेवायची आणि पायऱ्यांवरून तो पाण्यात सोडायचा. द्रोण पलीकडच्या दगडी भिंतीला लागला तर उजवा कौल. फिरून पायऱ्यांशी आला तर डावा. त्या दिवशी कौल होईपर्यंत घरच्या कुणी अन्नाला शिवायचं नाही. आणि कौल काय पडला ते मोठ्यानं सांगायचं वाटाड्यानं, कारण तो ना सासरचा ना माहेरचा. एकदा वाटाड्या बोलला की त्यावर वाद नाही.

कोंडिबा देवभोळा होता, पण आंधळा नव्हता. पोरवयात गडावर गुरं वळताना त्यानं त्या तळ्याशी उभ्या दुपारी काढल्या होत्या. थंडीच्या दिवसांत सकाळचा वारा समोरच्या भिंतीवरून पायऱ्यांकडे येतो आणि ऊन कललं की फिरून उलटा वाहतो, हे त्याला ठाऊक होतं. वाराही देवीचाच की, असं म्हणून त्यानं या गोष्टीचा फार विचार करायचं आजवर टाळलं होतं.

धरणाचं पाणी भाटघरला भरून पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट. मार्गशीर्षात किकवीहून एक बैलगाडी संध्याकाळची पालीत आली. गाडीत आनंदराव, त्यांची बायको साळूबाई, मुलगा ज्ञानू आणि सून चंद्राबाई अशी चार माणसं. आनंदराव बऱ्यापैकी शेतकरी, बोलायला रोखठोक. अंगणात पाय धुता धुताच त्यांनी सगळं सांगून टाकलं. लग्नाला सहा वर्षं झाली, सुनेची कूस उजवत नाही. मुलाला दुसरी मुलगी बघून ठेवली आहे. पण आपण मनानं काही करणार नाही.

"उजवा पडला तर दुसरीचं नाव काढनार न्हाई, कवाच," आनंदराव म्हणाले. "डावा पडला तर पुढच्या म्हैन्यात हळद लावनार. देवी म्हनंल तसं. माजी जबान हाय."

हे सगळं सून चार हातांवर उभी असताना. ती गाडीतून पडशी उतरवत होती. तिनं मान वर केली नाही, पण पडशी जरा जोरातच खाली ठेवली.

त्या रात्री पाहुणे कोंडिबाच्याच घरी राहिले, आणि सगुणाबाईनं चंद्राबाईला आपल्या शेजारी अंथरूण घातलं. बायका काय बोलल्या ते कोंडिबाला कळलं नाही. सकाळी गोठ्यात तो शेण काढत होता तेव्हा मात्र बहीण येऊन दारात आडवी उभी राहिली.

"त्या पोरीला म्हायेर न्हाई," ती म्हणाली. "धरनाच्या पान्यात गेलं. आईबाप त्या दुःखानं मेलं, भाऊ ममईला गिरनीत. सवत आली तर ती जानार कुठं?"

"म्या काय करू? कौल काय माज्या हातात हाय?"

"कौल देवीच्या हातात हाय. येळ तुज्या हातात हाय. ऊन कलल्याबिगर तिला तळ्याशी न्यायचं न्हाई."

कोंडिबानं शेणाची पाटी खाली ठेवली. वाऱ्याचं हे गुपित आपल्या एकट्याला माहीत आहे असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. सगुणाबाईच्या संसारातही सवत आली होती, आणि त्यानंतर ती पालीत आली ती कायमचीच. तिला भाऊ होता म्हणून निभावलं. याची आठवण ती कधी करून देत नसे. आज तिनं नुसतं बघितलं, तेवढ्यानं काम झालं.

"आणि डावा कौल घेऊन आलास, तर जेवाय माज्याफुडं बसू नगंस," असं बजावून ती धार काढायला गेली.

तर अशी ती मंडळी निघाली. कोंडिबा पुढं, आनंदराव त्याच्या टाचेवर, मागं ज्ञानू, आणि शेवटी साळूबाई व चंद्राबाई. आनंदरावांना घाई होती. लवकर कौल घ्यावा, लवकर खाली यावं, आणि दिवस आहे तोवर परतीच्या वाटेवरचं मार्गासनी गाव गाठावं असा त्यांचा बेत. त्यात पोटात अन्न नाही. भुकेलेला माणूस दोन प्रकारचा असतो, एक मलूल होणारा आणि एक चिडणारा. आनंदराव दुसऱ्यातले.

कोंडिबानं त्या दिवशी आपल्या रेंगाळण्याचं सार्थक केलं. पहिल्या चढालाच त्याच्या पायात काटा मोडला. काटा काही केल्या निघेना, कारण तो नव्हताच. मग करवंदीच्या जाळीशी तो एकदम थांबला आणि हात वर करून सगळ्यांना खाली बसवलं.

"आग्या माश्या," तो हळूच म्हणाला. "वरच्या कड्याला पोळं हाय. उठल्यात."

"मला तर काय ऐकू येत न्हाई," आनंदराव म्हणाले.

"ऐकू आल्यावर उपेग न्हाई, पावनं."

एवढ्यावर कोण उठणार? बसले सगळे. उन्हं पाठीवर आली, साळूबाईंना डुलकी लागली, आणि माश्यांचा पत्ता नाही. पुढं एका खडकाशी त्यानं कुणा सरदाराची गोष्ट सुरू केली, ती इतकी लांबवली की सरदार गोष्टीत दोनदा मेला. ज्ञानूनं ते बरोबर पकडलं.

"मगाशीच मेला न्हवं का त्यो?"

"त्यो त्याचा भाऊ," कोंडिबानं सांगितलं आणि चालू लागला.

ज्ञानू तसा भला पोरगा. रंगानं उजळ, अंगानं दांडगा, आणि बापापुढं तोंड न उघडणारा. दुसरी बायको करायला तो हो म्हणाला नव्हता आणि नाहीही म्हणाला नव्हता. चढावर त्याला धाप लागत होती. चंद्राबाईला मात्र लागत नव्हती. सासूला हात देत, पदर खोचून, अनवाणी ती अशी चढत होती की कोंडिबाला तिचा राग यायला लागला. सगळ्यांत भरभर तीच. ज्या बाईसाठी आपण हा उद्योग मांडला तीच आपल्याला पुढं ढकलते आहे, याला काय म्हणावं!

शेवटी पाली दरवाजाच्या पायऱ्यांवर तिच्याजवळ जाऊन तो पुटपुटला, "पोरी, जरा दमानं. सासूला त्रास हुतोया."

"हुऊ दे एकदाचं काय व्हायचं ते, बाबा," ती म्हणाली. "सहा वरसं दमानंच घेतलंय."

दरवाजातून आत शिरून ते माचीवर आले तेव्हा सूर्य डोक्यावर होता. वर गार हवा होती. साळूबाई दगडावर बसल्या आणि गुडघे चोळू लागल्या. चंद्राबाई तटाच्या कडेला जाऊन उभी राहिली. डोंगरांच्या मागं लांबवर पाण्याचा एक चकचकीत पट्टा दिसत होता.

"भाटघरचं पानी," कोंडिबानं सवयीनं सांगितलं. येणाऱ्या प्रत्येकाला तो ते दाखवायचा आणि लोकांना त्याचं कौतुक वाटायचं.

"ठावं हाय. येळवंडी नदीकाठचं आमचं गाव त्याच्याखाली हाय. घरबी. उन्हाळ्यात पानी हटलं की देवळाचा कळस दिसतो म्हनत्यात. म्या गेले न्हाई बघाय." मग जरा थांबून ती म्हणाली, "गाडीत मामंजी म्हनत हुते, सवतीसंगं नांदली न्हाई तर म्हायेरी धाडू. म्या म्हनलं, बुडवाय धाडनार का मला?"

"असं म्हनलीस?"

"मनात."

कोंडिबाला वाईट वाटलं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्याला आपल्या काट्यांची नि माश्यांची लाज वाटेनाशी झाली. आणखी थोडा वेळ काढला की झालं. त्यानं सगळ्यांना देवळात नेलं. देवीची पूजा त्यानं सावकाश केली, आरती म्हटली, ती परत म्हटली. बाहेर येऊन आनंदरावांनी सावलीकडं बघितलं आणि त्यांचा पारा चढला.

"कोंडिबा, आता एक सबुद बोललास तर म्या एकटा खाली जाईन. आन् खाली गेलो की डावाच धरीन."

आता इलाज नव्हता. आणि तशी वेळही झाली होती. ऊन कललं होतं.

तळ्याच्या पायऱ्यांशी आला आणि कोंडिबा जागीच थबकला. वारा फिरला नव्हता. समोरच्या भिंतीवरून तो पाण्यावर उतरत होता आणि बारीक लाटा एकामागून एक पायऱ्यांना येऊन लागत होत्या. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. निदान त्याच्या बघण्यात तरी नाही. पद्मावतीनं आपलं लबाडीचं गाठोडं बघून मुद्दाम वारा अडवला की काय, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

चंद्राबाईनं वाटेतच पळसाची पानं तोडून कमरेला खोचली होती. तिनं झटकन द्रोण टाचला, हळदकुंकू वाहिलं, पायरीवर वाकली आणि द्रोण पाण्यावर ठेवून हातानं हलकासा पुढं लोटला. तो हातभर गेला. घुटमळला. मग लाटांवर डुलत डुलत सरळ तिच्या पायाशी येऊन थांबला. इतक्या लवकर की साळूबाईंचे जोडलेले हात अजून खाली आले नव्हते.

चंद्राबाई द्रोणाकडे बघत होती आणि तिचा चेहरा पार उतरला होता. सकाळपासूनचा तिचा सगळा जोर गेला. ती तिथंच पायरीवर बसली.

"कौल सांग," आनंदराव म्हणाले. त्यांचा आवाजही बारीक झाला होता. माणूस वाईट नव्हता तो. नातू हवा होता, एवढंच.

दिवसभर कोंडिबा माणसांशी खोटं बोलला होता, त्याचं त्याला आता काही वाटत नव्हतं. पण इथं देवी समोर. डाव्याला उजवं म्हणायची छाती त्याला झाली नसती, आणि ते चौघांच्या डोळ्यांदेखत चाललंही नसतं. तो लाटांकडे बघत राहिला. त्या येतच होत्या, एकीमागून एक. आता काहीही सोडलं तरी परत येणार. काहीही. कुणाचंही.

"कौल अजून पुरा झाला न्हाई," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"नवऱ्याचा द्रोण कुठं सुटलाय?"

आनंदरावांनी डोळे बारीक केले. "नवऱ्याचा? हे कदी ऐकलं न्हाई."

"तुमी ह्याच्या आदी कवा आला हुतासा तळ्याला?"

"न्हाई आलो."

"मग ऐकनार कसं?" कोंडिबा म्हणाला, आणि आपला आवाज इतका ठाम कसा निघतो याचं त्यालाच नवल वाटलं. "मूल एकटीला हुतं का, पावनं? देवी दोघांस्नी इचारती. पोरा, पुढं ये. ज्याचा त्यानं टाचायचा."

ज्ञानू बापाकडे बघत पुढं आला. त्यानं जन्मात द्रोण टाचला नव्हता. चंद्राबाईजवळच्या उरलेल्या पानांतलं पहिलं फाटलं. दुसऱ्याला काडी टोचताना ते कडेनं चिरलं. चंद्राबाई ते बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही, तिनं ते पान त्याच्या हातातून घेतलं, नीट दुमडून टाचलं आणि त्याला परत दिलं. आपलाच गळा कापायला सुरी धार लावून दिल्यासारखं, असं कोंडिबाला वाटलं. कारण तेवढ्यात वारा पडला होता.

ज्ञानूनं द्रोण सोडला. पाणी आता गुळगुळीत होतं, आणि त्याच्या दांडग्या हाताच्या लोटानं द्रोण सरळ पुढं निघाला. चंद्राबाईच्या द्रोणापेक्षा लांब गेला, पार मध्यावर. तिथं उभा राहिला.

दिवसभर कोंडिबानं वारा फिरावा म्हणून देवीला आळवलं होतं. आता तो तेवढ्याच तळमळीनं उलटं मागू लागला. आई, नको फिरवू. घटकाभर थांब. हा द्रोण भिंतीला लागला तर पोर मेली, आणि तिला मारणारा मी. माझ्या शहाणपणानं मारली. मघाशी गप्प राहिलो असतो तर डावा कौल निदान देवीच्या नावावर गेला असता. त्यानं खांब धरावा तसा ज्ञानूचाच खांदा धरला.

द्रोण तिथंच गोल फिरला. थोडा भिंतीकडे सरकला. मग भिंतीवरून वाऱ्याची एक झुळूक उतरली, पाण्यावर बारीक सुरकुत्या आल्या, आणि द्रोण मागं फिरला. सावकाश आला. खूप सावकाश. येऊन चंद्राबाईच्या द्रोणाला थटला.

"आला," ज्ञानू म्हणाला. मग कुणी न विचारता त्यानं मान वर केली. "माजाबी डावा."

आनंदराव पायरीवर टेकले. "मग आता देवीचं म्हननं काय?"

"देवीनं दोघांस्नी एकच सांगितलं," कोंडिबा म्हणाला. "पोराला दुसरी बायकू आनायची, तर सूनबाईचीबी काडीमोड करून पाट लावून द्यावा लागंल, चांगलं घर बघून. बघनार तुमीच. तिला म्हायेर न्हाई. न्हाईतर दोघं हायेत तशी ऱ्हाऊ द्यावीत. निवाडा सारका."

"माज्या पोराला सोडून तिनं पाट लावायचा? आन् त्यो म्या बघायचा?" आनंदराव ताडकन उठले. "माज्या पोरात काय कमी हाय? लोकं काय म्हनतील? पोरात खोट हाय म्हनतील!"

"व्हय की," साळूबाई म्हणाल्या.

सकाळपासून त्या गुडघ्यांशिवाय कशाबद्दल बोलल्या नव्हत्या. आता त्या उठल्या आणि नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुमाला आत्ता एकदा ऐकून आग लागली. मलाबी लागली. माज्या ज्ञानूत खोट हाय असं कुनी म्हनावं, हे मला सोसत न्हाई. हिला सहा वरसं आपन रोज म्हनतोय. तिची आई असती तर तिला सोसलं असतं का?" त्यांनी डोळे पुसले. "तुमी जबान दिलीया, देवी म्हनंल तसं. दोन्ही डावं पडलं. दोघं हायेत तशी ऱ्हातील. आता जेवाय बसा."

आनंदरावांनी दोन्ही द्रोण वाकून नीट बघून घेतले. वाद घालायला त्यांना जागा शोधायची होती, पण त्यांच्या शब्दानं त्यांनाच बांधून टाकलं होतं, आणि भूक फार लागली होती. शेवटी ते खाली बसले आणि म्हणाले, "सूनबाई, भाकरी काढ." मग जरा घुटमळून म्हणाले, "आन् आदी तू घे."

उतरताना कोंडिबानं कुठंही वेळ काढला नाही. काटा नाही, माश्या नाहीत. सगळे इतके मुकाट चालले होते की खालच्या गावातली कुत्री वरूनच ऐकू आली.

पालीत पारावर म्हातारा चिमाजी उतरतं ऊन खात बसला होता. त्यानं रिवाजाप्रमाणे विचारलं, "काय पडला कौल?"

चिमाजी गडाखालीच जन्मला आणि तळ्याची रीत त्याला पाठ होती. आता हा म्हणणार, कसला नवऱ्याचा द्रोण? पण कोंडिबानं तोंड उघडायच्या आत आनंदराव पुढं झाले. घरातली गोष्ट चारचौघांत मांडायची तर ताठ मानेनंच मांडावी, एवढं त्यांना कळत होतं.

"दोन्ही द्रोन फिरलं," ते म्हणाले. "बायकूचाबी आन् नवऱ्याचाबी. जुनी रीत हाय ती, लोकं इसरली. आमी इसरलो न्हाई."

चिमाजीनं कोंडिबाकडे बघितलं. कोंडिबानं जमिनीकडे बघितलं. म्हाताऱ्यानं बराच वेळ डोकं खाजवलं. आपल्याला काही आठवत नाही हे पाहुण्यासमोर कबूल करणं त्याला जड गेलं असावं.

"व्हय, व्हय," तो म्हणाला. "माजी आजी सांगायची."

आनंदराव खूश होऊन बैल जुंपायला गेले. ज्ञानू त्यांच्या मागं गेला, पण दोन पावलांवरून परतला आणि बायकोच्या हातातली पडशी आपल्या खांद्यावर घेतली. चारचौघांदेखत. साळूबाई गाडीत चढून बसल्या. चंद्राबाई कोंडिबाच्या पाया पडायला वाकली आणि वाकलेलीच, कुणाला ऐकू जाणार नाही अशी, म्हणाली, "बाबा, खरंच हाय का वो ती रीत?"

कोंडिबानं एकदा गडाकडे बघून हात जोडले.

"आजपासनं हाय," तो म्हणाला.

ती उभी राहिली, गाडीत चढली, आणि गाडी हलल्यावर दिवसभरात पहिल्यांदा रडली. हुंदके देऊन, तोंडाला पदर न लावता रडली. साळूबाईंनी तिला गप्प केलं नाही.